भिंतीवरचे शालेय तक्ते: स्त्री-पुरुष विषयावरच्या चर्चेसाठी कोणता घ्यावा, कसा वापरावा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत शालेय साहित्याचं दुकान असलं की त्याच्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या तक्त्यांचा गठ्ठा उभा असतोच. 'आमचे मदतनीस', 'माझे कुटुंब', 'चांगल्या सवयी', 'क्रिया', 'थोर नेते'. जून उजाडला की शाळा ते घेतात, भिंतीला लावतात आणि मग मोठ्यांपैकी कोणी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघत नाही. मुलं मात्र रोज बघतात, बाकावर बसल्या बसल्या. म्हणून हे तक्ते इथे एकाच कसोटीवर तपासले आहेत: चित्रांतल्या बायका कशा दाखवल्या आहेत यावर वर्गात चर्चा घ्यायला ते कितपत उपयोगी पडतात? डोळ्यांसमोर पाचवी ते आठवीचे वर्ग आहेत.

निकाल आधीच सांगून टाकू. जुन्या धाटणीचा, चुकांनी भरलेला 'माझे कुटुंब' या कामाला सगळ्यांत चांगला. 'स्त्री-पुरुष समानता' असं ठळक शीर्षक मिरवणारा नवा तक्ता सगळ्यांत कमी कामाचा. पहिल्यात मुलांना शोधायला काहीतरी उरतं, दुसऱ्यात उत्तर आधीच छापलेलं असतं.

वस्तू म्हणून या तक्त्यांत दोन प्रकार. साधा कागदी तक्ता एखाद्या वहीच्या पैशात येतो. प्लास्टिकचं आवरण आणि वरखाली काठी असलेला त्याच्या कितीतरी पट महाग. आपल्याकडच्या पावसात कागदी तक्ता भिंतीवर ठेवला तर श्रावणापर्यंत त्याला मागून ओल धरते, कडा लोंबतात, बुरशीचे ठिपके उठतात. आवरण असलेला टिकतो, पण त्याची कड एका जागी जरी उघडली तरी आत दमटपणा शिरून पांढुरके ढग दिसायला लागतात. घेताना चारी कडांवरून बोट फिरवून बघा. आवरण कागदाच्या पुढे चांगलं बोटभर आलेलं हवं. आणखी एक अडचण चमकेची. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेला गुळगुळीत तक्ता मागच्या बाकांवरून नुसता आरशासारखा लकाकतो. चर्चेच्या दिवशी तो खिडकीच्या बाजूच्याच भिंतीवर, बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावा. फळ्याच्या वर, छताजवळ लावलेल्या तक्त्यावर चर्चा होत नाही.

आकारही बघायला हवा. नेहमीचा तक्ता साधारण २० इंच बाय ३० इंच. 'आमचे मदतनीस'मध्ये सोळा चौकटी असल्या तर शीर्षक वजा जाता एका चित्राच्या वाट्याला पाच बाय सहा-सात इंच येतात. तिसऱ्या बाकावरून पोस्टमनची पिशवी दिसते, त्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही तर निम्मी चर्चा बुडते. त्यामुळे चौकटीचौकटींच्या तक्त्याचे मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढून एकेक चित्र ए-फोर कागदावर छापून घ्यावं आणि पाच-सहा मुलांच्या गटाला एक द्यावं. कृष्णधवल छपाई चालते, पण मग त्वचेच्या रंगाचा मुद्दा हातातून जातो, आणि तो मुद्दा मोलाचा आहे. निदान दोन गटांना तरी रंगीत प्रत मिळू द्या.

आता एकेक तक्ता.

'आमचे मदतनीस' हा सर्वांत जास्त खपणारा. शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, माळी, पोस्टमन, पोलीस, सैनिक, चालक सगळे पुरुष. बायका म्हणजे शिक्षिका आणि परिचारिका, क्वचित डॉक्टर. मुलांना मोजायला सांगितलं की बारा-तेराला दोन-तीन असा हिशेब दोन मिनिटांत फळ्यावर येतो आणि बरेच शिक्षक तिथेच थांबतात. मोजणी ही नुसती सुरुवात आहे. खरं काम एका चौकटीत शिरल्यावर सुरू होतं, आणि त्यासाठी कोकणात मच्छीमाराच्या चित्राएवढं उपयोगी दुसरं चित्र नाही.

त्या चौकटीत बहुधा होडीच्या टोकाशी उभा राहून जाळं फेकणारा एकटा पुरुष असतो. गटाला विचारा: हा मासा ताटात येईपर्यंत किती जणांचे हात लागतात? हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांच्या आसपासची मुलं धडाधड सांगतात. होडीवरचे खलाशी, मासळी उतरवणारे, लिलाव पुकारणारे, बोली लावून माल उचलणाऱ्या, बर्फ फोडणारे, निवडणाऱ्या, पाटी भरून गावोगाव हिंडणाऱ्या, बाजारात वाटे लावून बसणाऱ्या, उरलेलं सुकत घालणाऱ्या, घरी खवलं काढणाऱ्या. प्रत्येक काम वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर ओळीने चिकटवा, मग प्रत्येक चिठ्ठीखाली ते काम बहुधा कोण करतं ते लिहा. दहा-बारा चिठ्ठ्यांची साखळी होते आणि तक्त्याने त्यातली एकच कडी उचलली हे मुलांना न सांगता दिसतं. पुढचा प्रश्न थोडा अवघड, तो आठवीला विचारावा: रोख पैसे कोणत्या कड्यांवर हातात येतात आणि होडी कोणाच्या नावावर असते? बाजारात भाव करून पैसे मोजून घेणारी बाई आणि होडीच्या कागदावरचं नाव यांत मेळ नसतो, हे कोळी, गाबीत, खारवी, दालदी अशा वस्त्यांतल्या मुलांना आपसूक उमगतं. बिगर-मच्छीमार गावात हाच खेळ भातावर करता येतो. तक्त्यावरचा शेतकरी बैल हाकतो आणि बायको डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बांधावर येते. आपल्या खाचरात चिखलणी पुरुषांची, पण तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढणं आणि लावणी बहुतेक बायकांच्याच हातून होते, तीही भर पावसात दिवसभर कमरेत वाकून. तक्त्यातली बाई सरळ उभी आहे आणि तिचे पाय कोरडे आहेत. हा तपशील मुली हमखास पकडतात. काजूच्या पट्ट्यात साखळी काजूची करावी: बी फोडणाऱ्या हातांना टरफलातलं तेल भाजतं, आणि ते हात कोणाचे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

'माझे कुटुंब' हा मात्र खजिना आहे. आजोबा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतायत, बाबा खुर्चीत, आई चहाचा ट्रे घेऊन उभी, आजी विणतेय किंवा गोष्ट सांगतेय, मुलाच्या हातात चेंडू, मुलीच्या हातात बाहुली. या एका चित्रावर दोन तासिका सहज जातात, फक्त क्रम सांभाळायला हवा.

पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून नुसतं बघायचं. मग फळ्यावर दोन रकाने: 'काय दिसतं' आणि 'काय वाटतं'. मुलं एकेक वाक्य देतील, ते कुठल्या रकान्यात बसतं हे वर्गानेच ठरवायचं. बहुतेक वर्गांत पाचव्या-सहाव्या वाक्याच्या आत कोणीतरी म्हणतं, "बाबा दमून आलेत." विचारा, हे कुठल्या रकान्यात? हटकून 'दिसतं' असं उत्तर येतं. मग चित्राजवळ येऊन दमणं कुठे दिसतं ते बोटाने दाखवायला सांगा. घाम नाही, डोळे मिटलेले नाहीत, तोंडावर तर हसू आहे. दिसतो तो फक्त खुर्चीत बसलेला माणूस. वाक्य दुसऱ्या रकान्यात जातं. आणि मग शांतपणे एवढंच विचारा: आई दमली आहे असं कोणालाच कसं वाटलं नाही? इथे शिक्षकाने बोलणं थांबवावं. वर्गात जी कुजबुज सुरू होते तीच चर्चा. त्यावर लगेच 'म्हणून आईला मदत केली पाहिजे' अशी मलमपट्टी केली की संपलं. मदत म्हटलं म्हणजे काम आईचंच ठरलं.

पुढे चित्राची बारकाईने चिकित्सा. कोण बसलंय, कोण उभं आहे? कोण कोणाकडे बघतंय? बाबा बाहेर किंवा पेपराकडे, आई बाबांकडे, मुलगी आईकडे, असं साधारण असतं. बाणांनी नजरा जोडल्या की चित्रावर एक नकाशाच तयार होतो. कोणाच्या हातात काय आहे? हातातली वस्तू स्वतःसाठी आहे की दुसऱ्यासाठी? पेपर स्वतःसाठी, चहा दुसऱ्यासाठी. शेवटी त्वचेचा रंग. बऱ्याच तक्त्यांत बाबा सावळे आणि आई गोरीपान, मुलगा एका छटेचा आणि मुलगी त्याच्याहून उजळ. आठवीच्या वर्गात इथे थोडा इतिहास घालता येतो. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत पोचल्या, पुढे कॅलेंडरांनी तो गोरा, भरल्या गालांचा, साडीतला चेहरा उचलला. तक्त्यावरची आई आणि घरातल्या तसबिरीतली लक्ष्मी शेजारी ठेवल्या की मुलांना हे नातं दाखवावं लागत नाही.

दुसऱ्या तासिकेत पट्ट्या. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. २०२४च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. एका मिनिटाला एक मिलिमीटर धरून रंगीत कागदाच्या पट्ट्या कापायला लावा. बायकांची पट्टी जवळजवळ शाळेच्या फूटपट्टीएवढी, पुरुषांची तिच्या तिसऱ्या हिश्श्याची. पट्ट्या तक्त्यावर आई आणि बाबांच्या खाली चिकटवा. एक खुलासा मात्र करायलाच हवा, नाहीतर आकड्याचा अर्थ चुकतो: ही सरासरी त्या दिवशी असं काम ज्यांनी केलं त्यांचीच आहे. २०१९ला अशा बायका ८१ टक्क्यांच्या आसपास होत्या, पुरुष २६ टक्के. बाकीच्या पुरुषांसाठी पट्टी कापायचीच नाही. गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्या, सरासरी शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

या तक्त्यात आपल्या भागाची एक मोठी उणीव आहे. यातले बाबा रोज संध्याकाळी घरी येतात. कोकणातल्या कितीतरी घरांत बाबा मुंबईला असतात आणि गणपतीला, शिमग्याला येतात. घर, शेत, बँक, आजारपण सगळं आई आणि आजी निभावतात. मुलं हे बोलून दाखवतील. पण इथेच सांभाळायचं आहे: 'तुमच्या घरी भांडी कोण घासतं?' असा प्रश्न कधीही विचारू नये. कोणाच्या घरात बाप दारू पितो, कोणाची आई एकटी आहे, कोणाला आईच नाही. चाळीस मुलांसमोर त्याला खोटं बोलावं लागतं किंवा मान खाली घालावी लागते. प्रश्न चित्रातल्या घराबद्दलच ठेवायचा. बोलायचं असेल ते मूल आपणहून आपल्या घराबद्दल बोलेल, आणि ते मालवणीत किंवा संगमेश्वरीत बोललं तर फळ्यावरही तसंच लिहा. प्रमाण भाषेत वळवलं की पुढची मुलं गप्प होतात.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची पद्धत इथे फार छान चालते. तिथे पोथीतलं एक चित्र समोर ठेवून सांगणारा कथा लावतो. तसा हाच तक्ता एका मुलाने आजोबांच्या बाजूने सांगायचा, दुसऱ्याने आजीच्या, तिसऱ्याने चहाचा ट्रे धरलेल्या आईच्या. प्रत्येकी दोन मिनिटं. मुलाला आईची बाजू आणि मुलीला बाबांची बाजू द्या, उलट देऊ नका.

'क्रिया' तक्ता स्वस्त आहे आणि एका तासिकेपुरता बरा. मुलगा धावतो, चढतो, फेकतो. मुलगी नाचते, झाडते, पाणी भरते. चित्रांखालचे शब्द कागदाच्या पट्टीने झाकून, कर्ता बदलून वाक्यं म्हणायला लावा. कुठे हसू येतं त्याची नोंद ठेवा, पुढची चर्चा त्या हसूवर. 'चांगल्या सवयी'त सकाळी उठणारा, दात घासणारा, वडिलांच्या पाया पडणारा सगळा एकच मुलगा असतो, मुलगी बाजूला कुठेतरी. एवढं लक्षात आणून दिलं की त्याचा उपयोग संपला. वेगळे पैसे खर्चू नका.

'थोर नेते' घ्यावा, पण जपून. त्यात झाशीची राणी, सावित्रीबाई, सरोजिनी नायडू, इंदिरा गांधी अशा तीन-चार जणी असतात आणि मुलं म्हणतात, आहेत की बायका. राणी घोड्यावर, पाठीला बांधलेलं मूल. राणीच्या सासरच्या नेवाळकरांचं मूळ गाव लांज्याजवळचं कोट, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात हे चित्र विशेष जवळचं. तक्त्यावरच्या पुरुषांपैकी कोणाजवळ मूल दाखवलं आहे, एवढाच प्रश्न पुरे. सावित्रीबाईंचं चित्र बहुधा नुसतं चेहऱ्याचं असतं, काम दिसत नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्या शाळेत सावित्रीबाई शिकवताना कशा दिसत असतील ते मुलांना काढू द्या. चौकटीतलं स्थिर तोंड आणि मुलांनी काढलेली शिकवणारी बाई शेजारी लावली की फरक बोलतो.

आता तो नवा 'समानता' तक्ता. तराजूच्या दोन पारड्यांत मुलगा-मुलगी, खाली घोषवाक्य, कडेला डॉक्टर बाई, पायलट बाई, स्वयंपाक करणारा पुरुष. रंग चांगले, हेतू चांगला. पण मुलं एका नजरेत ओळखतात की इथे काय उत्तर हवंय, 'स्त्री-पुरुष समान आहेत' असं एका सुरात म्हणतात आणि विषय मिटतो. शिवाय यातली यशस्वी बाई नेहमी शहरी, गणवेशातली. मासळीचे वाटे लावणारी, तरवा काढणारी या तक्त्यातही नाहीच. त्यापेक्षा पाठ्यपुस्तकाने चांगली वाट दाखवली आहे. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पालेभाजी निवडणारे आईबाबा, इस्त्री करणारा पुरुष, वाहतूक पोलीस बाई अशी चित्रं आली, घोषणेशिवाय. दुसरीचं ते जुनं पुस्तक शाळेत असेल तर 'माझे कुटुंब'च्या शेजारी उघडून ठेवा. दोन घरांची तुलना वर्ग स्वतः करतो.

चर्चा कुठे फसते तेही बघू. सगळ्यांत आधी मुलगे विरुद्ध मुली असा सामना होतो. तो बसण्याच्या रचनेतूनच येतो, म्हणून गट मिसळलेले हवेत आणि प्रश्न 'कोण श्रेष्ठ' या वळणाचा नको. दुसरं, स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाचं चित्र आलं की हशा पिकतो आणि वर्गातला एखादा नाजूक मुलगा त्याचं लक्ष्य होतो. हे ताबडतोब थांबवायला हवं, पण ओरडून थांबत नाही. सिंधुदुर्गात दशावताराचा आधार घ्या: पुरुष नट द्रौपदी किंवा तारामती उभी करतो तेव्हा रात्री दोन वाजता अख्खा गाव डोळे पुसतो, तिथे कोणी हसत नाही. मग इथे हसू का आलं? रत्नागिरीकडे नमन या लोकनाट्यातल्या, पुरुषांनीच रंगवायच्या गवळणी आहेत. पुढचा प्रश्न चाणाक्ष मुलगी स्वतःच विचारते, की मग बायकांना रंगमंचावर का घेत नव्हते. तो टाळू नका. तिसरं, शिक्षक घाईने निष्कर्ष सांगतात. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते, निष्कर्ष न निघता घंटा झाली तरी बिघडत नाही. फळा पुसू नका, उद्या तिथूनच पुढे.

तक्ता मिळालाच नाही तर रविवारच्या पुरवणीतल्या जाहिराती कापून घ्या. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२मध्ये लिंगभेदी साच्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला एक फरक मोठ्या मुलांना आवर्जून समजवावा: जाहिरातीत बाई घर झाडताना दिसायला हरकत नाही, पण झाडणं हे बाईचंच काम आहे असं सुचवलं तर हरकत आहे. कुठली जाहिरात नुसती दाखवते आणि कुठली सुचवते, यावर वाद झडू द्या. हा वाद तक्त्यावर तितका रंगत नाही, कारण तक्ता काही विकायला निघालेला नसतो.

खरेदीचं म्हणाल तर एका शाळेला 'माझे कुटुंब' आवरणाचा एक आणि 'आमचे मदतनीस' साधा कागदी दोन, एवढं पुरे. कागदी तक्ते चौकटी कापून वापरायचे आहेत, ते टिकायची गरज नाही. 'थोर नेते' शाळेत आधीच असेल. दुकानात मागितल्यावर नव्या आवृत्तीचा कुटुंब-तक्ता पुढे केला, ज्यात बाबाही स्वयंपाकघरात आहेत, तर तोही घ्या, पण जुना मागून घ्या. गठ्ठ्याच्या तळाशी असतो, कडा थोड्या पिवळ्या पडलेल्या असतात, दुकानदार दोन पैसे कमीही करतो. पावसाळ्याआधी आतून वर्तमानपत्र घालून सैल गुंडाळा आणि भिंतीला न टेकता लोखंडी कपाटात आडवे ठेवा. घट्ट गुंडाळलेलं आवरण पुढच्या जूनला उलगडताना मधोमध तडकतं, आणि तडा नेमका आईच्या चेहऱ्यावरून जातो, कारण चित्रकाराने तिला बरोबर मध्यभागी ट्रे घेऊन उभं केलेलं असतं.